मदत हवी आहे : जानेवारीत मिनिॲपोलिस, सोबत इन्सुलिन

नमस्कार मंडळी,

जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसला जायचं आहे, मुक्काम महिनाभराचा. मी मूळची सांगलीची, नोकरीला पुण्यात. बर्फ आजवर फक्त फोटोत पाहिलाय. तिथं जानेवारीत किमान तापमान सरासरी उणे 13 च्या आसपास असतं आणि 2019 च्या जानेवारीअखेरीस तर पारा उणे 33 पर्यंत उतरला होता, हे वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय.

कपड्यांचं ऑफिसातल्या लोकांनी सांगितलंय: आत थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जाड जॅकेट. माझी खरी काळजी वेगळी आहे. मला शाळेत असल्यापासून टाइप 1 मधुमेह आहे. इन्सुलिन उन्हापासून कसं जपायचं हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. लाइट गेली की माठाच्या गारव्याला ठेवायचं, हे मला आईनं शिकवलं. गोठण्यापासून कसं जपायचं हे मात्र इथं कुणालाच सांगता येत नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, म्हणून सगळा साठा केबिन बॅगेतच नेणार आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवून. साडेअकरा तासांच्या फरकात डोस कसे सरकवायचे तेही डॉक्टरांनी लिहून दिलंय.

पण रस्त्यावरून चालताना इन्सुलिन टोचायचं पेन कुठं ठेवायचं? ग्लुकोमीटर थंडीत चालतो का? आणि सर्वांत मोठी भीती: शुगर उतरली की मला थरथर सुटते. थंडीनंही थरथरच सुटणार. मग ओळखायचं कसं? पायांची संवेदनाही थोडी कमी झाली आहे, त्यामुळे बुटांबद्दलही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं मिनेसोटात आहे. जपायला हवंच, पण इतकं घाबरू नका. डाउनटाउनमध्ये स्कायवे आहे. इमारती दुसऱ्या मजल्यावर काचेच्या बंद पुलांनी जोडल्यात, सगळं मिळून 15 किमीच्या आसपास. तुमचं ऑफिस डाउनटाउनमध्ये असेल तर स्कायवेला जोडलेलंच हॉटेल मागून घ्या. हे आत्ताच सांगा, तिथं पोचल्यावर बदलणं कटकटीचं होतं. मग ऑफिस, जेवण सगळं आतल्या आत होतं. मात्र रात्री आणि शनिवार-रविवारी स्कायवेचे बरेच भाग बंद असतात, वेळा आधी बघून ठेवा.

बूट आणि मुख्य जॅकेट इथंच घ्या. मिनेसोटात कपड्यांवर, बुटांवर विक्रीकर नाही आणि इथल्या थंडीला पुरेल असा मालही इथंच मिळतो. विमानतळावरून हॉटेलपर्यंत येण्यापुरतं एखादं जाड जॅकेट कुणाकडून तरी मागून आणा. ब्लू लाइन ट्रेन विमानतळावरून थेट डाउनटाउनला येते, पण पहिल्या दिवशी सामान घेऊन टॅक्सीच बरी. आणि पार्क केलेल्या गाडीत इन्सुलिन दहा मिनिटंसुद्धा ठेवू नका.

प्रतिसाद

मीही टाइप 1, राहतो टोरांटोत. पेन थर्मलच्या वरच्या थरात, आतल्या खिशात ठेवा. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये नको. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्यांच्या शेजारीही नको, उष्णतेनं इन्सुलिन बिघडतं ते तुम्हाला माहीतच आहे. हॉटेलच्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेलं गोठू शकतं, दाराच्या कप्प्यात ठेवा.

मीटर फार गार झाला की एरर दाखवतो. आत शिरल्यावर तो आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बोटं गारठली की रक्तही येत नाही, तेव्हा हात कोमट पाण्यानं धुऊन मग टोचा.

थरथरीबद्दल मात्र मी अगदी हट्टानं सांगेन. "थंडीच असेल" असं स्वतःला कधीही समजावू नका. जवळच्या इमारतीत शिरा आणि मोजा. मोजता आलं नाही तर शुगर उतरली असंच धरून ग्लुकोज खा. थोडी वाढली तर नंतर सावरता येते. रस्त्यात बर्फावर चक्कर येणं परवडणारं नाही. ग्लुकोजच्या गोळ्या हातमोजे न काढता उघडता येतील अशा डबीत ठेवा, हे घरीच करून बघा.

बूट अर्धा-एक नंबर मोठे घ्या. घट्ट मोज्यांनी रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय जास्त गारठतात. रोज रात्री पाय नीट तपासा. गारठलेले पाय हीटरसमोर धरू नका, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हॉटेलचं आज सकाळीच ऑफिसात बोलले, स्कायवेला जोडलेलं मिळतंय. डबीसुद्धा शोधते आहे.

आणखी एक विचारायचं राहिलं. क्लायंटकडची सगळी माणसं मला नवीन आहेत. मला काही झालं तर काय करायचं, हे तिथं कुणाला तरी माहीत हवं. पहिल्याच दिवशी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सांगावं, की आधी आपल्या मॅनेजरमार्फत कळवावं? अमेरिकेतल्या ऑफिसात तुमच्यापैकी कुणी हे कसं सांगितलं होतं?