मूळ करंजा, मुक्काम मराठवाडा: अनुभव धागा

उरण, करंजा, घारापुरी, न्हावा, शेवा. नकाशावर मुंबईसमोरची यातली बरीचशी बेटं भरावामुळे आता जमिनीला चिकटलेली दिसतात. बंदर झालं, पूल झाले, जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे थेट उरणपर्यंत गेली. तरी घरातली म्हातारी माणसं अजून 'बेटावर जाऊन येतो' असंच म्हणतात. तिथली आगरी-कोळी कुटुंबं नोकरी-लग्नाच्या निमित्ताने संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडला येऊन राहिली आहेत. समुद्र इथून रस्त्याने साधारण तीनशे ते सहाशे किलोमीटरवर. तिकडचं इथे काय टिकतं, कसं टिकतं आणि काय बिघडतं, ते लिहा. आठवणी नकोत. प्रमाण, दिवस आणि चुका लिहा, म्हणजे दुसऱ्याला करून बघता येईल.

सिडको, छत्रपती संभाजीनगर (मूळ करंजा)

सुरुवात सुक्या मासळीपासून करू, कारण वर्षभर ताटात येणारी तीच.

बोंबील घ्यायचे ते जानेवारी ते मार्चमध्ये वाळलेले. कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन असतं, त्यामुळे वलांडीवर (मासळी टांगायच्या बांबू-दोरीच्या मांडणीवर) टांगलेला बोंबील दोन-चार दिवसांत कडक होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने टांगतात. त्या जोड्या तशाच असतील तर माल टांगून वाळवलेला आहे, हे कळतं. जमिनीवर वाळवलेल्यात वाळू येते. चार माणसांना पावसाळाभर १ किलो बोंबील, अर्धा किलो जवळा (बारीक सुकी कोळंबी) आणि पाव किलो सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) पुरतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि भाव चढतात, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत खरेदी उरकलेली बरी.

मराठवाड्याची कोरडी हवा सुक्या मासळीला मानवते. किनाऱ्यावर पावसाळ्यात बोंबील मऊ पडतात, तसं इथे लवकर होत नाही. घात होतो तो आणल्या दिवशी. लोक गच्चीवर दोन दिवस ऊन देतात आणि गरम असतानाच डब्यात भरतात. आत घाम सुटतो आणि आषाढात डबा उघडला की तपकिरी किडे. ऊन दिल्यावर मासळी सावलीत पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी, तळाला कागद. प्लास्टिकची पिशवी नको. शंका असेल तर डब्यात भरण्याआधी बंद पिशवीत घालून ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नका, मासळीवर पाणी धरतं.

खारा बांगडा इथल्या मे महिन्यात तेल सोडतो आणि खवट होतो. तो थोडाच आणा, महिन्याभरात संपवा. खारवलेल्या मासळीवर गुलाबी-लाल झाक आली तर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाका.

इथल्या आठवडी बाजारातली सुकट चालते, पण बारीक रेती असते. आधी चाळा, कोरड्या तव्यावर भाजा, पुन्हा चाळा, मगच धुवा. आधी धुतली तर रेती चिकटून बसते. बोंबील भाजून, तुकडे करून कोमट पाण्यात १० मिनिटं. अर्धा तास ठेवले की लगदा.

परभणी (मूळ न्हावा)

तांदळाची भाकरी. ज्वारीच्या मुलखात ती जमत नाही म्हणतात, तर निम्मा दोष गिरणीचा असतो. ज्वारीनंतर लगेच तांदूळ टाकला तर पहिलं किलोभर पीठ करडं निघतं आणि भाकरी तुटते. गिरणीवाल्याला आधी किलोभर साधा तांदूळ फिरवायला सांगा, ते पीठ घावन-धिरड्याला ठेवा, मग आपलं दळा. भाकरीला बासमती नको, साधा जाडा तांदूळच लागतो. अगदी नवा असेल तर उकड चिकट होते, फार जुना असेल तर कडा फाटतात. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की जमतं. धुऊन सावलीत वाळवून दळायचा.

१ वाटी पाण्याला १ वाटी पीठ. पाण्याला खळखळून उकळी, चिमूट मीठ, पीठ एकदम टाकून गॅस बारीक, उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण. २ मिनिटांनी बंद, ५ मिनिटं तसंच. मग हाताला चटके बसतील इतकं गरम असतानाच मळायचं. गार उकड मळली की भाकरीला भेगा पडल्याच. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर पापुद्रा सुटत नाही. ज्वारीची भाकरी ज्या हाताला येते त्याला थापणं शिकवावं लागत नाही, फक्त उकडीचा अंदाज यावा लागतो.

नांदेड (मूळ मोरा)

खाणंपिणं टिकतंच. लेकरांपर्यंत पोचत नाही ते समुद्राचं घड्याळ, आणि त्याला समुद्र लागतही नाही. भिंतीवरचं पंचांग पुरतं.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितके वाजता भरती पूर्ण. पंचमी: ५ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे पावणेचार. अष्टमीला बरोबर सहा. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि दिवसातून दोनदा, म्हणजे पहाटे आणि दुपारी किंवा सकाळी आणि रात्री. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सूत्राने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबई-उरणकडे बाराच्या आसपास धरायचं.

यामागचं कारणही सांगा, नाहीतर पाढा होतो. चंद्र रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही तितकीच मागे सरकते. ४८ मिनिटं म्हणजे पाऊण तासाला जवळचा आकडा, म्हणून पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्र एका ओळीत येतात, ती उधाणाची भरती. मुंबईकडे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, आणि ओहोटीला तितकंच खोल उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी चढतही फार नाही आणि उतरतही फार नाही.

रोज सकाळी तिथी बघून लेकरांना विचारायचं, 'आज पाणी कधी?' संध्याकाळी मुंबईच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायचं. पंधरा दिवसांत जमतं. शाळेतला पाऊणकीचा पाढा इथे पहिल्यांदा कामाला येतो.

जालना (मूळ करंजा)

वरच्या हिशेबाला एक दुरुस्ती. पंचांगात दिवसाला जी तिथी लिहिलेली असते ती सूर्योदयाची. ती दुपारी दोनला संपत असेल तर रात्रीच्या भरतीला पुढची तिथी धरा. क्षयतिथी आली की अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. घरी शिकायला ठीक आहे, पण चिंबोऱ्या (खेकडे) धरायला खडकात उतरणाऱ्यांनी तक्ताच बघावा.

प्रवासात मात्र हा हिशेब पैसे वाचवतो. भाऊचा धक्का ते मोरा लाँचचा मोऱ्याला गाळामुळे खोळंबा होतो, आणि तो बहुतेक ओहोटीलाच. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने पहाटे मुंबईत उतरून सहाची लाँच धरायचा बेत असेल आणि तिथी अमावास्या-पौर्णिमा असेल, तर नेमकी तेव्हाच पूर्ण ओहोटी. अशा दिवशी नऊनंतर निघा किंवा बेलापूरहून उरणची लोकल धरा. नांदेड-पनवेल गाडी लातूर-कुर्डुवाडी-पुणे मार्गे जाते, ती पकडली तर पनवेलहून रस्त्याने उरण, समुद्राचा प्रश्नच नाही. घारापुरीला महाशिवरात्रीला जाणाऱ्यांना तिथी आपोआप साथ देते: चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाला. दुपारपर्यंत होडी लागायला पाणी असतं, चारनंतर परतीची घाई करावी लागते.

नारळी पौर्णिमेबद्दल. पैठणला, गंगाखेडला, नांदेडला गोदावरीत नारळ सोडतात. सोडा, पण लेकरांना खरं सांगा: गोदावरीचं पाणी आपल्या समुद्राला मिळत नाही, ते पार आंध्रात जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळतं! नारळाला सोनेरी कागद गुंडाळत असाल तर पूजेपुरता ठेवा, पाण्यात सोडताना काढून घ्या. घरचा विधी साधा: कलशात पाणी, त्यात मूठभर खडेमीठ, त्यावर नारळ, हळद-कुंकू, आणि नैवेद्याला नारळीभात. भाताला १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी गूळ, १ वाटी ओलं खोबरं. भात आधी मोकळा शिजवून गार करा, गूळ नंतर. कच्च्या तांदळात गूळ पडला तर दाणा शिजतच नाही.

लातूर (मूळ शेवा)

धवले म्हणजे लग्नविधींची गाणी. आगरी लग्नात ती गाणारी धवलारीण लग्न लावायची, भटजी नंतर आले. ती आधी देवांना लग्नाचं बोलावणं करते आणि मग एकेका विधीला त्याचा धवला. इकडच्या कार्यालयात डीजेच्या आवाजात हे होत नाही, हे धरूनच चाला. मांडवाच्या आदल्या दिवशी घरी, बायाबायांत, दोन तास राखून ठेवा.

रेकॉर्डिंग करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मोबाइल विमान मोडवर टाकत नाहीत आणि ऐन ओळीत फोन येतो. पंखा चालू राहतो. मोबाइल गाणारीपासून हातभर अंतरावर, खाली घडी केलेला टॉवेल, पंखा बंद. एका फाइलमध्ये एकच धवला. सुरुवातीला तोंडी नोंद: कोणत्या विधीचा, कोणत्या गावचा, कोणती तारीख. लगेच दुसऱ्यांदा म्हणवून घ्या, कारण दुसऱ्या वेळी ओळी वाढतात. धवला विधी चालू असताना म्हणतात, तो लांबेल तसा ताणला जातो. बैठकीत नुसता 'म्हणा' म्हटलं की निम्मा निघतो. म्हणून समोर हळदीची वाटी, उंबराची डहाळी, सूप ठेवा. हात चालले की शब्द सुचतात.

उतरवून घेताना कानाला जसं येईल तसं लिहा. आगरीत ळ चा ल, ण चा न होतो, ड चा बऱ्याचदा र: पानी, डोला, घोरा. 'मला' ला 'मना'. शुद्ध करून लिहिलं की ताल मोडतो. आणि धवल्यात येणारी गावदेवांची नावं बदलू नका. इथल्या देवाचं नाव घालायचं तर वेगळी ओळ जोडा. शेव्याची मूळ वस्ती बंदरासाठी उठली, त्यामुळे काही जागांची नावं आता फक्त या ओळींतच आहेत.

बीड (मूळ उरण)

कागदांबद्दल थोडक्यात. जुनी नोंद शोधताना 'रायगड' शोधून सापडणार नाही, १९८१ पर्यंत जिल्हा कुलाबा होता. त्याहून मागे, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये उरण-करंजा ठाण्याखाली येतं. सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त बोलतो: कोण कधी वारस लागला, कोणाची नावं गळली. बहुतेक वेळा बहिणींची. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात (नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा भूखंड) वारसाचा वाद निघतो तो तिथूनच. ही योजना १९८४ च्या शेतकरी आंदोलनातल्या जासई-दास्तानच्या गोळीबारानंतरच्या लढ्यातून आली, हेही पुढच्या पिढीला कागदासोबत सांगायला हवं. पाच माणसं गेली होती.

वाळूज (मूळ उरण)

पोपटी राहिली, म्हणजे मडक्यात भरून जाळावर शिजवलेल्या वालाच्या शेंगा. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की. इथल्या बाजारात पावटा मिळतो, चालतो, पण दाणा भरलेला आणि साल हिरवी हवी. पिवळी झाली की चिवट लागते.

८ ते १० लिटरचं मडकं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेलं. कोरडं नवं मडकं जाळात तडकतं. तळाला भांबुर्ड्याच्या (उग्र वासाचं रानटी झुडूप) पाल्याचा चार बोटं थर. ३ किलो शेंगा धुऊन पूर्ण निथळलेल्या, ओंजळभर जाडं मीठ आणि २ चमचे ओवा चोळून. मध्ये अंडी, कांदे, बटाटे, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन. वर पुन्हा पाला, तोंड गच्च दाबून मडकं उलटं. आत पाणी एक थेंब घालायचं नाही. पाल्याच्या ओलाव्यावरच शिजतं, पाणी घातलं तर शेंगा उकडल्यासारख्या पुचाट होतात.

तिकडे भाताचा पेंढा आणि सुकी काटकी जाळतात. इथे कापसाच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्या पेंढ्यापेक्षा कडक जळतात. तिकडच्या अंदाजाने पाऊण तास जाळ घातला की बाहेरच्या शेंगा कोळसा आणि चिकन मधोमध कच्चं. सुरुवातीची १० मिनिटं कडबा-पाचट, मग पऱ्हाट्या थोड्या-थोड्या, एकूण ३० मिनिटं, आणि नंतर १० मिनिटं निखाऱ्यात तसंच. मडक्यावर पाणी शिंपडा: चर्र होऊन लगेच उडालं आणि शेंगांचा वास सुटला, की काढा.

भांबुर्डा बांधावर, पडीक रानात शोधा. चुरगळल्यावर उग्र वास आला पाहिजे. नाहीच मिळाला तर केळीची पानं आणि ओवा दुप्पट. वास तो येत नाही, पण पावटा करपत नाही. कोथिंबीर-पुदिना घालून बघायच्या फंदात पडू नका. आणि फवारणी झालेल्या कापसाच्या शेताकडेचा पाला घेऊ नका, कितीही हिरवा दिसला तरी.