एव्हरेस्टला ‘तिसरा ध्रुव’ का म्हणतात?

सड्यावरची आई: ध्रुवीय संशोधन केंद्र आमच्या वास्कोतल्या घराजवळच. तिथून जाताना सहावीतल्या लेकीने विचारलं, “ध्रुव दोनच ना, मग तिसरा कुठला?” तिला नॉर्वेचे साहसवीर एर्लिंग कागे यांची गोष्ट सांगायची आहे. कुणाला माहीत आहे?

डिचोलीकर: १९९० मध्ये ते बोर्गे औसलँडबरोबर स्कीवर उत्तर ध्रुवाला पोचले, बाहेरून रसद न घेता. पण मला भिडतो तो दक्षिण ध्रुव. ५० दिवस, एकटे, सगळं सामान घसरगाडीवर ओढत. तिथवर नेणाऱ्या विमानवाल्यांनी रेडिओ घ्यायलाच लावला, तर पठ्ठ्याने बॅटऱ्या विमानातल्या कचऱ्यात टाकल्या! त्यांना शांतताच हवी होती. १९९३ च्या जानेवारीत पोचले.

फोंड्याची ताई: आणि १९९४ मध्ये एव्हरेस्ट. तिथलं बर्फ, गारठा ध्रुवासारखाच, त्यात हवा विरळ, म्हणून तिसरा ध्रुव. तिन्ही पायी गाठणारे ते पहिलेच.

सड्यावरची आई: देव बरें करूं! काल रात्री सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग अंधारात हळूच म्हणाली, “आई, पन्नास दिवस तो कुणाशी बोलला असेल गं?”

डिचोलीकर: तिला सांगा, ते डायरी लिहायचे.