दोन दुकानं, दोन नंबर. मुलीचा चष्मा कुठल्या नंबरानं करू?

मिरजेची_आई: लेक तिसरीत आहे. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली होती. कार्डावर 'नजर कमी, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहून आलं. चष्म्याच्या दुकानात गेलो. मशीनवर हनुवटी टेकवली, आतला फुगा बघायला लावला, दोन मिनिटांत उणे सव्वादोन! खात्री करायला दुसऱ्या दुकानात नेलं, तर उणे दीड. सासूबाईंचं वेगळंच, 'गाजरं खायला घाल, चष्मा कसला एवढ्याशा पोरीला.' काय करू?

चष्मेवाला: ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारा) आहे, म्हणून सांगतो. त्या मशीनच्या छापील चिठ्ठीवर मुलांचा चष्मा करायचा नसतो. फुगा लांबचा दाखवतात, पण पोरं डोळा ताणून जवळच्यासारखं बघतात आणि उणे नंबर फुगतो. डोळ्यात थेंब घालून आतला स्नायू सैल करायचा, मगच नंबर काढायचा. नंतर जवळचं धूसर दिसतं, ऊन टोचतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शनिवारी न्या, टोपी घेऊन. गाजर रातांधळेपणाला ठीक, नंबर त्याने जात नाही. (आजींना मी सांगितलं म्हणू नका.)

पट्टीचा_बाप: दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या, हे माझं ठेच लागून आलेलं शहाणपण. आमचे चिरंजीव शाळेच्या तपासणीत 'नॉर्मल'. हजेरी क्रमांकानं रांग, याचा ३१ वा. पुढचे तीस जण मोठ्यानं वाचतात, तक्ता पाठ! वर डोळा झाकायचा तो बोटांनी, फटीतून बघत. सातव्या वर्षी कळलं, डावा डोळा आळशी, म्हणजे मेंदू त्या डोळ्यानं नीट बघायला शिकलेलाच नाही. नजर ६/२४, म्हणजे इतरांना २४ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवरून (नॉर्मल ६/६). चष्मा लागला, शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. पट्टी काढून गादीखाली लपवायचा. शेवटी पट्टी लावूनच कॅरम, अशी अट घातली. आता ६/९ वाचतो आणि कॅरममध्ये मला हरवतो.

मिरजेची_आई: शनिवारी सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. थेंब घालून दोन्ही डोळ्यांना उणे पाऊण! सव्वादोनचा चष्मा करून बसले असते. आळशी डोळा नाही. रोज दोन तास बाहेर खेळू द्या, सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. थेंबांनी डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की सासूबाई घाबरून देवापुढे बसल्या. नंबर भराभर वाढला तर तो वेग कमी करायला रात्री ॲट्रोपिन नावाच्या औषधाचे सौम्य थेंब देतात म्हणे, कुणी घातलेत का मुलांना?