मदत हवी आहे: १४ इंची लॅपटॉपला रिझोल्यूशन किती घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी घरी बसून मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. आत्ताचा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके) आहे, म्हणजे इंचाला जेमतेम १०० पिक्सेल. इंग्रजी मजकूर ठीक दिसतो, पण मराठीत हाल होतात. 'व' आणि 'ब' सारखेच दिसतात. रफार आणि त्यावरचा अनुस्वार एकमेकांत मिसळतात. परवा 'सर्वांना'वरचा अनुस्वार गायब होता आणि तो माझ्या नजरेतून निसटला. फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

नवा १४ इंची घ्यायचं ठरलंय. दोन पर्याय आहेत: १९२० × १२०० (इंचाला साधारण १६२ पिक्सेल) किंवा २८८० × १८०० (साधारण २४३). दुसऱ्यात पिक्सेल सव्वादोन पट, त्यामुळे बॅटरी लवकर उतरेल अशी धास्ती आहे. आमच्याकडे दुपारी वीज जाते, तेव्हा चार तास तरी चालायलाच हवा.

शिवाय विंडोजमध्ये स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची सोय) १५० किंवा २०० टक्के ठेवलं, की जुनी सॉफ्टवेअरं धूसर दिसतात असं एका मैत्रिणीकडे पाहिलं. माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनंच आहे, ते बदलणं शक्य नाही.

देवनागरीत रोज सहा-सात तास काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: १९२० × १२०० वर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात का? स्केलिंग किती ठेवता? दुकानात तपासायला मी १० पॉइंटचं एक पान पेनड्राइव्हवर नेणार आहे, त्यात आणखी काय बघू?