लहान चौकटीवरचे पॉटहोल्डर : शेवटच्या ओळी इतक्या घट्ट का होतात?

ओंजळभर :

नमस्कार. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. माझ्या ७ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला पॉटहोल्डर (गरम भांडे धरायचे फडके) विणायची चौकट भेट मिळाली आहे. ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. ७ इंचांची चौकोनी चौकट असते, तिच्या प्रत्येक बाजूला १८ दाते असतात आणि सुताच्या जागी मोज्याच्या कापडासारखे ताणले जाणारे गोल लूप असतात. १८ लूप समोरासमोरच्या दात्यांना अडकवले की ताणा झाला. उरलेले १८ लूप आकड्याने एकाच्या वरून, एकाच्या खालून असे ओढून घेतले की बाणा झाला. तळहाताहून थोडे मोठे, जाड विणीचे फडके तयार होते. ओव्हनमधून तापलेले पसरट भांडे काढताना आपल्या सांडशीचा काहीच उपयोग होत नसल्यामुळे इकडच्या स्वयंपाकघरात ते रोज हाताशी लागते.

सासूबाई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचे माहेर इचलकरंजीचे. घरात माग होते आणि शाळेतून आल्यावर कांड्या भरणे, म्हणजे बाण्याचे सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळणे, हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. चौकट पाहताच त्यांनी चष्मा मागवून घेतला आणि तेव्हापासून नात व आजी यांच्या दुपारी त्यातच जात आहेत. आतापर्यंत नऊ नग झाले असून त्यांपैकी तीन बऱ्यापैकी चौकोनी आहेत.

माझ्या अडचणी अशा आहेत. पहिल्या बारा-तेरा ओळी मुलगी हसतखेळत घालते. मात्र शेवटच्या चार-पाच ओळी इतक्या घट्ट होतात की तिच्या बोटांना आकडा ओढवत नाही. मग त्या ओळी मी किंवा सासूबाई पूर्ण करतो, आणि नंतर मुलगी म्हणते की हे मी केलेलेच नाही. दुसरे असे की, चौकटीवरून उतरवताना दोन वेळा अर्धी वीण निसटली. तिसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. लूप संपल्यावर मी एका दुकानातून स्वस्तातले चकचकीत लूपांचे पाकीट आणले होते. त्यांच्या फडक्याने लोखंडी तव्याचा दांडा धरला, तर फडक्याचा तेवढा भाग कडक होऊन दांड्याला चिकटला. हाताला काही झाले नाही, पण तेव्हापासून मी ती सर्व फडकी बाजूला ठेवली आहेत. या तिन्ही बाबतींत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

आडवा धागा :

मी गेली सहा-सात वर्षे अशा चौकटीवर विणते आहे, आधी मुलांसाठी आणि आता मुले कंटाळून निघून गेल्यावर स्वतःसाठी.

शेवटच्या ओळी घट्ट होण्याचे कारण साधे आहे. बाण्याची प्रत्येक ओळ ताण्याच्या लूपांना वर-खाली वाकवते आणि त्या वाकण्यासाठी लागणारी लांबी ताण्यातूनच घेतली जाते. दाते जागचे हलत नाहीत, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या ओळीपर्यंत ताण्यातला सगळा ढिलेपणा वापरून झालेला असतो. त्यातच पाकिटातले लूप एकसारखे नसतात. काही लूप दुप्पट लांब ताणले जातात, तर काही जेमतेम दात्यांपर्यंत पोहोचतात. मुले रंग पाहून लूप उचलतात, ताण पाहून नव्हे, आणि अखेरीला नेमका एखादा आखूड लूप हातात उरतो.

म्हणून सुरुवात करण्यापूर्वी लूप निवडून घ्यावेत. दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर एकेक लूप ओढून पाहिला की फरक लगेच कळतो. मधल्या ताणाचे, एकमेकांशी जुळणारे १८ लूप ताण्यासाठी काढावेत; सर्वांत सैल असलेले सहा लूप वेगळे ठेवून ते शेवटच्या सहा ओळींना वापरावेत; फारच आखूड असतील ते सरळ बाद करावेत. सासूबाईंनी कांड्या भरल्या आहेत, तेव्हा हे काम त्यांच्याकडे सोपवल्यास तुम्हाला किंवा मला जमणार नाही इतक्या नेमकेपणाने त्या ते करतील, असे मला वाटते.

दुसरा उपाय म्हणजे एकाच कडेने पुढे न जाता दोन्ही कडांकडून मध्याकडे विणत यावे. दात्यांच्या लगत ताणा जखडलेला असतो, तर मधोमध तो बोटाने उचलला जातो. शेवटच्या ओळी मध्यावर आल्या की आकड्याला वाट मिळते. येथे एक मेख आहे. ओळींची संख्या १८, म्हणजे सम असल्यामुळे पहिली ओळ वरून सुरू केली असेल तर पलीकडच्या कडेची अठरावी ओळ खालून सुरू व्हायला हवी. हे चुकले की मध्यावर दोन सारख्या ओळी शेजारी येतात. माझ्या धाकट्याने हा हिशेब बोटांवर मोजून स्वतःच शोधून काढला होता आणि त्यानंतर आठवडाभर तो घरातल्या प्रत्येकाला सम-विषम समजावत होता.

आणखी एक चूक मुले हमखास करतात. प्रत्येक लूप दोन पदरांचा असतो आणि ते दोन पदर मिळून एक धागा धरायचा असतो. आकडा दोन पदरांच्या मधून गेला की वीण तिथेच आवळली जाते आणि पुढचे सगळे घट्ट होते. तुमच्या नऊ नगांपैकी वाकड्या झालेल्या सहांकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

उतरवण्याबद्दल सांगायचे तर, जाड क्रोशाची सुई घ्यावी. एका कोपऱ्यातून पहिला लूप दात्यावरून सुईवर घ्यावा, मग त्याच्या शेजारचा घ्यावा आणि दुसरा पहिल्यातून ओढून काढावा; आता सुईवर एकच उरतो. असे ओळीने चारही बाजूंनी फिरत यावे. एकूण ७२ दाते असतात, म्हणजे ७२ वेळा हेच करायचे. निसटण्याचे कारण बहुधा असे असते की एक बाजू रिकामी होताच उरलेली वीण ओढ घेऊन आपोआप दात्यांवरून उडी मारते. म्हणून पुढच्या बाजूंचे लूप दात्यांच्या तळाशी दाबून ठेवावेत आणि दुसऱ्या कुणीतरी चौकटीवर हात ठेवून बसावे. हे दोघांनी मिळून करायचे काम आहे. सर्वांत शेवटी उरलेला लूप तसाच बाहेर ठेवला की खुंटीला अडकवायची सोय होते.

जाता जाता, मुलीचा उत्साह टिकवण्यासाठी एक गंमत सांगते. ताण्यात दोन रंग एकाआड एक लावावेत आणि बाण्यातही तेच दोन रंग एकाआड एक घालावेत. फडक्याच्या एका बाजूला आडवे पट्टे दिसतात आणि उलटवले की त्याच फडक्यावर उभे पट्टे दिसतात. रंगांचा क्रम एका घराने सरकवला तर हेच उलट होते. कागदावर चौकटी आखून हे आधी रंगवता येते.

मसोता :

माझे नावच हे असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. आमच्या आजीच्या चुलीपाशी भांडी उतरवायला जुन्या धोतराचा चौपदरी मसोता असे. तो काळा पडे, कडेने जळे, पण कधी वितळला नाही, कारण तो सुती होता.

तुम्ही आणलेले चकचकीत लूप नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असणार. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार साधारण २२० ते २६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. ओव्हन ४५० फॅरनहाइटवर लावला म्हणजे २३२ सेल्सिअस झाले, आणि मोठ्या आचेवर ठेवलेला लोखंडी तवाही तिथवर सहज पोहोचतो. वितळलेले प्लास्टिक त्वचेला चिकटून राहते, म्हणून ती भाजणूक साध्या चटक्यापेक्षा वाईट असते. ती फडकी बाजूला ठेवलीत हे योग्यच केलेत. गार पेल्याखाली ठेवायला ती चालतील, परंतु स्वयंपाकघरात ठेवूच नयेत असे माझे मत आहे, कारण घाईच्या वेळी कुणीही हाताला लागेल ते फडके उचलतो.

कोणता लूप कशाचा आहे ते ओळखायचे असेल तर एक लूप चिमट्यात धरून सिंकवर पेटवून पाहावा; हे अर्थातच मोठ्यांनी करावे. सुती लूप कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याचा कडक मणी होतो.

हा उद्योग मुळात मोज्यांच्या गिरण्यांमधून आलेला आहे. मोज्याचा पुढचा भाग शिवून बंद करताना कापडाची जी गोल कड कापली जाते, ते हे लूप. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत हा टाकाऊ माल स्वस्तात मिळत होता. चौकटी आणि लूप मुलांसाठी विकले जाऊ लागले, आणि मुले फडकी विणून शेजारीपाजारी विकत असत. पुढे मोज्यांत कृत्रिम धागा आला तसा तो लूपांतही आला. आज निव्वळ सुती लूप हवे असतील तर ते पाहूनच घ्यावे लागतात. तुम्ही न्यू इंग्लंडमध्येच आहात, तर शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील हॅरिसव्हिल या जुन्या गिरणीच्या गावी एकदा जाऊन यावे. तेथील हॅरिसव्हिल डिझाइन्स ही १९७१ साली सुरू झालेली संस्था लोकरीचे सूत आणि माग यांबरोबरच सुती लूप व चौकटीही तयार करते. सासूबाईंना विटांच्या त्या गिरण्या पाहायला आवडतील.

एक सूचना राहिली. सुती फडकेसुद्धा ओले असताना वापरू नये. पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते. हे आमच्या आजीचे पहिले वाक्य असे.

रंधा :

मी नाशिकला असतो आणि इथे अशी चौकट दुकानात मिळाली नाही, म्हणून घरीच केली. सुमारे २० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट करून प्रत्येक बाजूला एक-एक सेंटिमीटर अंतरावर १८ बारीक डोक्याचे खिळे ठोकले. ते किंचित बाहेरच्या बाजूला कलते ठोकावेत, म्हणजे लूप वर सरकत नाही. कोपऱ्यांना केवळ खिळे मारून भागत नाही. १८ लूप एका दिशेने ओढतात तेव्हा चौकट तिरपी होते, हे माझी पहिली चौकट समोसा झाल्यावर मला कळले. कोपऱ्यांत खाच पाडून सरस लावावा.

लूपांसाठी जुने मोजे आडवे कापावेत असे सर्वत्र सांगितले जाते. मीही तसेच केले, पण वर मसोता यांनी लिहिलेली जळणाची परीक्षा केल्यावर घरातल्या सात जोड्यांपैकी एकच जवळपास सुती निघाली. मुलांच्या सुती टी-शर्टच्या बाह्या मात्र उत्तम ठरल्या. बाही आडवी ठेवून अडीच सेंटिमीटर रुंदीच्या कड्या कापायच्या आणि प्रत्येक कडी एकदा ओढायची, म्हणजे कापड आपोआप गुंडाळले जाऊन दोरीसारखे होते. सपाट ठेवल्यावर बाहीची रुंदी १२-१३ सेंटिमीटर असेल तर ती या चौकटीला नेमकी बसते. मोठ्यांच्या बाह्या सैल पडतात आणि बनियनचे अंग तर फारच घेरदार असते. एका टी-शर्टच्या दोन बाह्यांतून जेमतेम आठ-दहा कड्या निघतात, म्हणजे एका फडक्यासाठी चार टी-शर्ट लागले. आमच्या घरी आता मुलाला कपडे लहान झाले की तो आधी बाही मोजतो.

ओंजळभर :

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंनी पाकीट चादरीवर ओतून लूपांचे चार ढीग केले. एका ढिगाला त्यांनी हातही लावू दिला नाही आणि विचारले तेव्हा म्हणाल्या, "ते शेवटाला." मी त्यांना इथले काहीही वाचून दाखवले नव्हते! दोन्ही कडांकडून मध्याकडे विणल्यावर मुलीने अठराच्या अठरा ओळी स्वतः घातल्या. अकराव्या ओळीला आकडा पदरांच्या मधून गेला होता, तोही तिनेच शोधला. उतरवताना आजीने चौकट धरली. कृत्रिम लूपांची फडकी कुंड्यांखाली गेली आहेत.

आता एकच शंका उरली आहे. मुलगी डावखुरी आहे. चित्रांत दाखवल्याप्रमाणे उतरवत गेले की सुई तिच्याकडे उलटी येते आणि तिचा हात अवघडतो. तिने काय करावे?

आडवा धागा :

तिने सरळ उलट दिशेने फिरावे. उजव्या हाताची व्यक्ती साधारणपणे उजवीकडून डावीकडे जाते, तर तिने डावीकडून उजवीकडे जावे आणि एक बाजू संपली की चौकटच फिरवून घ्यावी. साखळीचा कल तेवढा दुसरीकडे दिसेल. विणीत काही फरक पडत नाही. टांगायचा लूप ज्या कोपऱ्यात हवा असेल त्याच कोपऱ्यातून सुरुवात करायची, हे मात्र दोन्ही हातांना सारखेच आहे.