मदत हवी आहे: ब्योमकेश, मूळ कथा आणि २०१५ चा सिनेमा

दिबाकर बॅनर्जींचा ब्योमकेश बक्षी या बंगाली डिटेक्टिव्हवरचा सिनेमा परत बघितला आणि मग त्याचे मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांची 'सत्यान्वेषी' ही कथा वाचली तर डोकंच चक्रावलं. कथेत ब्योमकेश अतुलचंद्र मित्र असं खोटं नाव सांगून मेसमध्ये येतो, त्याचा पुढे मित्र होणारा अजित तिथे आधीच राहतोय आणि भानगड कोकेनची. सिनेमात अजितच वडील हरवले म्हणून ब्योमकेशकडे येतो, वर १९४३ चं कलकत्ता, जपानी बॉम्बची भीती वगैरे. मला तर ते ट्राम, ब्लॅकआऊट सगळं जाम आवडलं, पण प्लॉट फार गिचमिड झालाय राव. सिनेमातली सत्यवती आणि सुकुमार ही पात्रं 'अर्थमनर्थम्' या दुसऱ्या ब्योमकेश-कथेतली, एवढं कळलं. बाकीचं कुठल्या कथांमधून उचललंय कोणी सांगेल का? आणि मराठी अनुवाद कुठे मिळतील? प्लीज, शेवट फोडू नका, घरचे अजून बघतायत.