डॅनव्हिलचा डेपो: रूळ नसलेलं स्टेशन

माजी_मास्तर:
मंडळी, सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोनला आलोय. रोज सकाळी आयर्न हॉर्स ट्रेलवर फिरायला जातो. पहिल्याच दिवशी ओळखलं, ही वाट रुळाची. साधी पायवाट इतकी सरळ जात नाही, आणि वळली तरी अशी सावकाश वळत नाही. ३४ वर्षं स्टेशनात काढली, एवढं कळतंच. जावई म्हणाले, "बाबा, पुढे डॅनव्हिलला जुन्या डेपोत म्युझियम आहे." डेपो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एसटीचा डेपो! इकडे स्टेशनालाच डेपो म्हणतात म्हणे. कोणी पाहिलंय का? आत रेल्वेचं काही आहे, की नुसतेच जुने फोटो आणि खुर्च्या?

खाडीपारची_काकू:
काका, बरोबर ओळखलंत. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची ही ब्रँच लाइन, स्टेशन १८९१ चं. प्रवासी गाडी १९३४ ला बंद झाली, मालगाड्या पुढे बरीच वर्षं चालल्या. मग रूळ काढले आणि तुमची वाट झाली. इमारत थोडी सरकवून दुरुस्त केली, १९९९ पासून तिथे म्युझियम आहे. पण ते रेल्वेचं नाही हो, सॅन रॅमोन व्हॅलीचं: गहू, अक्रोडाच्या बागा, जुनी शेतकरी घराणी. तेव्हा इंजिन बघायला जाऊ नका. नाताळाच्या सुमारास मॉडेल ट्रेन मांडतात, तेवढीच काय ती गाडी. टासाहाराची एकखोली शाळाही तेच लोक मुलांना दाखवतात. आमचा लेक तिसरीत असताना जाऊन आला आणि आठवडाभर मला "येस मॅम" म्हणत होता.

बार्शीकर:
शेजारचा हार्ट्झ ॲव्हेन्यू पाहाच. जॉन हार्ट्झ नावाच्या शेतकऱ्याने स्टेशनला जमीन विकली आणि बाकीच्या शेतात प्लॉट पाडले. बाजारपेठ जुन्या रस्त्यावरून उठून स्टेशनकडे आली. आमच्या कुर्डुवाडीसारखंच, रेल्वे जिकडे, गाव तिकडे.

माजी_मास्तर:
काल जाऊन आलो. काकू, अक्रोडबिक्रोड ठीक आहे, मी रमलो ते इमारतीतच. खाली ऑफिस, वर स्टेशनमास्तरचं बिऱ्हाड! आमचं क्वार्टर यार्डापलीकडे. पावसात रात्री पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) कंदील घेऊन हाका मारायचा, तेव्हा चपला हातात घेऊन चिखलातून यायचो. इथला गडी जिना उतरला की ड्यूटीवर. रुळांकडे काढलेली ती खिडकी मात्र अगदी ओळखीची वाटली. दोन्ही बाजूंची लाइन दिसावी म्हणून भिंतीच्या बाहेर काढलेली. तिथे उभा राहिलो आणि सवयीने आधी अपकडे पाहिलं, मग डाउनकडे. एक बाई बाबागाडी ढकलत येत होती, मागून दोन सायकली. लेक मागून म्हणाली, "बाबा, लाइन क्लिअर द्या आता, भूक लागलीय."